आमची लेकरे तुमचा ‘नमुना’ नाहीत

‘नमुना’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. विद्यापीठात नमुना म्हणजे संशोधनासाठी निवडलेली माणसे. वस्तीत नमुना म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवून हसावे असा माणूस. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजकार्य या विषयांत आपल्या मुलांवर जे संशोधन चालते, त्यात अनेकदा हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. आणि याबद्दल आपली चळवळ जवळजवळ गप्प आहे. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह, फी यांसाठी आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, उपोषणाला बसतो. पण शाळेत येऊन आपल्या मुलांना प्रश्नावली वाटणारा, त्यांची जात विचारणारा, त्यांचे फोटो काढून नेणारा माणूस कोणाच्या परवानगीने आला, हे विचारायला मुख्याध्यापकांच्या खोलीत आपल्यापैकी कोणी जात नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. शाळेत होणाऱ्या संशोधनात सहभागी होणाऱ्या मुलाचे संरक्षण हा विद्यापीठातल्या कागदपत्रांचा विषय नाही. तो जातिअंताच्या लढ्याचा विषय आहे. जोपर्यंत मुख्याध्यापकाची किंवा गृहपालाची सही आपल्या मुलाच्या आणि आई-बापाच्या होकाराची जागा घेत राहील, तोपर्यंत आपल्या मुलांच्या वतीने दुसऱ्यांनीच बोलायचे, ही जुनी रीत चालूच राहील.

आधी हे काम कसे चालते ते पाहू. एम.एड.चा किंवा पीएच.डी.चा विद्यार्थी विषय ठरवतो. विषय बहुधा ठरलेला असतो : मागासवर्गीय विद्यार्थ्यांमधील न्यूनगंड, मागासवर्गीय विद्यार्थ्यांची आकांक्षा पातळी, गळतीची कारणे. गाईडची सही होते. विभागाचे पत्र घेऊन तो शाळेत जातो. मुख्याध्यापक पत्रावर शिक्का मारतात आणि शिपायाला सांगतात, अमुक वर्गात घेऊन जा. वर्गावर बाई असतात. त्या म्हणतात, शिष्यवृत्तीवाली मुले इकडे या. बाकीची मुले वळून पाहतात. पंधरा-वीस मुले उठतात, शेजारच्या रिकाम्या वर्गात जातात. प्रश्नावलीत विचारलेले असते : तुला इतरांपेक्षा कमी आहोत असे वाटते का? घरी वडील दारू पितात का? मूल आधी बाईंकडे पाहते, मग शेजारच्याच्या कागदावर पाहते आणि खूण करते. तासाभराने सगळे वर्गात परत. संशोधक एस.टी.ने निघून जातो. पुढच्या सुट्टीत त्या मुलांना कोणी काय चिडवले, हे त्याच्या प्रबंधात येत नाही.

शाळांमधून काम करताना मी हे पाहिले आहे. शाळेचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण हा एका शाळेचा दोष नाही. त्या बाई दुष्ट नव्हत्या. संशोधकही आपल्यातलाच होता. त्याला पदवी हवी होती, नोकरीसाठी ती लागत होती. दोष असा की या सगळ्या साखळीत एकाही ठिकाणी मुलाला ‘तुला यात भाग घ्यायचा आहे का?’ असे विचारण्याची जागाच ठेवलेली नव्हती. आई-बापाला तर संध्याकाळी मूल घरी आल्यावर कळले असेल, तेही मुलाने सांगितले तर.

कोणी म्हणेल, प्रश्नावलीने कोण मरतो? म्हणून आधी एक मोठे उदाहरण देतो. ते वैद्यकीय संशोधनाचे आहे, पण ते शाळा आणि वसतिगृहांमध्येच घडले.

२००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मम आता तेलंगणात आहे. ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि राज्य सरकारे यांचा हा प्रकल्प होता. यातल्या कित्येक मुली आदिवासी आणि दलित होत्या, वसतिगृहात आणि आश्रमशाळेत राहणाऱ्या होत्या. प्रकल्पाच्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध नसल्याचे सरकारी चौकशीने म्हटले आणि लस वाईट आहे असे माझेही म्हणणे नाही. ही लस जगभर दिली जाते आणि आपल्या मुलींनाही मिळायला हवी. प्रश्न संमतीचा आहे. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये आरोग्य खात्याच्या संसदीय स्थायी समितीने आपला ७२वा अहवाल मांडला. आंध्रमधील ९,५४३ संमतीपत्रांचा हिशेब त्यात आहे. १,९४८ पत्रांवर अंगठे होते. २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या गृहपालांच्या सह्या होत्या.

हा आकडा पुन्हा वाचा. दोन हजार सातशे त्रेसष्ट मुलींच्या शरीरात सुई टोचण्याची परवानगी गृहपालाने दिली. आई-बाप जिवंत होते. गावात होते. पण ते शेतावर होते, मजुरीला होते, त्यांना त्यांच्या भाषेत दोन ओळी वाचून दाखवायला कोणाला वेळ नव्हता, आणि गृहपाल समोर खुर्चीवर बसलेला होता. सोय कोणाची झाली? मुलीची नाही, आई-बापाची नाही. सोय झाली प्रकल्पाची.

आता विचार करा. शरीरात सुई टोचायची असताना जिथे गृहपालाची सही चालवून घेतली गेली, तिथे नुसती प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर कोण कोणाला विचारणार?

दुसरे उदाहरण शुद्ध शैक्षणिक-सामाजिक संशोधनाचे आहे आणि ते आपल्याला अडचणीत टाकणारे आहे. म्हणून त्यावर थोडे थांबू.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. २००४ साली तो जागतिक बँकेच्या निबंधमालेत प्रसिद्ध झाला. ३२१ उच्चजातीय आणि ३२१ निम्नजातीय मानल्या गेलेल्या कुटुंबांतील शाळकरी मुलगे घेतले. सहा-सहा मुलांचे गट केले. भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली आणि सोडवलेल्या कोड्यांवर पैसे ठेवले. काही गटांत जातीचा उल्लेख केला नाही. तिथे दोन्हींकडच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. काही गटांत सुरुवातीलाच प्रयोग घेणाऱ्याने प्रत्येक मुलाचे नाव, गाव, बापाचे नाव, आजोबांचे नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितली आणि मुलाने मान डोलावून ते बरोबर असल्याचे सांगायचे होते. तिथे दलित मुलांची कामगिरी घसरली.

हा निष्कर्ष आपल्याकडे अनेकांना आवडतो. गुणवत्तेच्या नावाने आपल्याला हिणवणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला हा दगड चांगला आहे. बुद्धी तीच, मुले तीच. फक्त जात पुकारली आणि गुण पडले. मीही भाषणात हे सांगण्याचा मोह समजू शकतो. पण ज्या मुलांची जात पुकारून हा पुरावा मिळवला, त्यांच्या बाजूने एकदा पाहा. मुले स्वेच्छेने आली होती, असे समजा. ते धरून चालू. तरी प्रश्न उरतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला कोडी सोडवायला येण्यासाठी ‘हो’ म्हणता येते. पण ‘माझ्या आजोबांचे नाव आणि माझी जात अनोळखी पोरांसमोर पुकारा, मी मान डोलावतो’ याला त्याने दिलेला होकार हा कसला होकार? आणि हा भाग त्याला आधी सांगितला, तर प्रयोगच बिघडतो!

या प्रयोगाच्या बाजूने नेहमीचे उत्तर दिले जाते की खेड्यात जात सगळ्यांना माहीतच असते, शाळेत रोज हजेरीला पुकारतात, त्यात नवीन इजा काय झाली? हे उत्तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारे आहे. जात पुकारल्याने काही होत नसेल, तर कोडी का कमी सुटली? आणि कोडी कमी सुटली असतील, तर पुकारण्याने मुलाला काहीतरी झाले, हे तुमचाच तक्ता सांगतो. परिणाम मोठा आणि इजा शून्य, असे दोन्ही एकाच वेळी म्हणता येणार नाही. निष्कर्षाच्या पानावर जो ‘लक्षणीय फरक’ आहे, तोच त्या मुलाच्या बाजूने पाहिला तर अपमान आहे. तो तासाभराचा असेल, पण आहे. आणि एखादी जखम आधीपासून आहे, म्हणून तिच्यावर बोट दाबून ‘दुखते का’ पाहण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. डॉक्टरलाही विचारावे लागते.

भेदभाव मोजायचाच नाही का मग? मोजायचा. जरूर मोजायचा. पण तो मोजण्याचे दुसरे मार्ग आहेत. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा भारतातच केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांकडून परीक्षेचे पेपर लिहून घेतले आणि शिक्षकांना तपासायला दिले. पेपरच्या पहिल्या पानावर मुलाची जात, लिंग, वय ही माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणत्याही पेपरला कोणतीही, लावलेली होती. उत्तरे तीच, वर लिहिलेली जात वेगळी. निम्नजातीय म्हणून आलेल्या पेपरला शिक्षकांनी किंचित कमी गुण दिले. फरक लहान होता, पण होता. आणि त्यातून आपल्याला न आवडणारी गोष्टही बाहेर आली की असा भेद करण्यात खालच्या मानल्या गेलेल्या जातींतले शिक्षकही मागे नव्हते. जातीची शिडी डोक्यात कशी मुरते, त्याचा हा पुरावा आहे.

दोन्ही प्रयोगांतला फरक लक्षात घ्या. पहिल्यात तपासणीच्या टेबलावर दलित मूल होते. दुसऱ्यात तपासणीच्या टेबलावर शिक्षक होता, ज्याच्या हातात लाल पेन असते. कोणत्याही मुलाला उभे करून त्याची जात पुकारावी लागली नाही. आपल्या विद्यापीठांतून ‘मागासवर्गीय विद्यार्थ्यांचा न्यूनगंड’ यावर जितके प्रबंध निघतात, त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी ‘शिक्षकांचा जातिगंड’ यावर निघतात का? संशोधनाची नीती संमतीपत्रापासून सुरू होत नाही. दुर्बिणीखाली कोणाला ठेवायचे, हे ठरवण्यापासून ती सुरू होते.

आता नियमांकडे येऊ. जगात हे नियम साहेबांच्या दयेने आले नाहीत. ते काळ्या माणसांच्या मरणातून आले. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे गरीब कृष्णवर्णीय शेतमजुरांवर सरकारी आरोग्य खात्याने अभ्यास केला. ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही, कारण उपचाराविना रोग कसा वाढतो ते पाहायचे होते. ही गोष्ट वर्तमानपत्रांत फुटली, १९७४ मध्ये कायदा झाला आणि १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला. त्याने तीन तत्त्वे सांगितली : व्यक्तीचा आदर, हित, आणि न्याय. तिसरे तत्त्व आपण पाठ करावे असे आहे. संशोधनाचा भार एकाच गटाने सोसायचा आणि फायदा दुसऱ्यांनी घ्यायचा, हे अन्यायाचे आहे. ज्यांना गाठणे सोपे, म्हणून ज्यांची निवड होते, त्यांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यायला हवी. आपली वसतिगृहे, आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा संशोधकांना का आवडतात? कारण तिथे मुले एका जागी सापडतात आणि पालक विचारायला येत नाहीत. शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळेत ‘तुझे वडील दारू पितात का’ ही प्रश्नावली वाटून दाखवा. दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस येईल.

भारतात काय आहे? औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, नोंदणीकृत नीती समित्या आहेत. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. मुलांबाबत ती म्हणतात की पालकांच्या संमतीशिवाय मुलाचा स्वतःचाही होकार घ्यावा, सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी. पण हे सगळे आरोग्याच्या संशोधनासाठी. आरोग्याच्या क्षेत्रातील सामाजिक शास्त्रीय संशोधनासाठी २००० साली मुंबईतील ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने एका राष्ट्रीय समितीने नीतितत्त्वे तयार केली. चांगले काम होते. पण ती ऐच्छिक राहिली. काही नामांकित संस्थांत नीती समित्या आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बी.एड.-एम.एड. कॉलेजात जाऊन विचारा, तुमची नीती समिती कुठे बसते? तुम्हाला परीक्षा विभागाची खिडकी दाखवतील.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. किती टक्के मजकूर उचलला तर काय शिक्षा, याचे टप्पे ठरवले. आता प्रत्येक प्रबंध सॉफ्टवेअरमधून जातो. पीएच.डी.ला संशोधन आणि प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रमही आला. चांगलेच आहे, चोरी थांबली पाहिजे. पण याचा अर्थ समजून घ्या. दुसऱ्या प्राध्यापकाचे वाक्य उचलले तर पकडणारे यंत्र आहे. एका मुलाचा मान उचलला, तर पकडणारे काही नाही. वाक्याचा मालक प्राध्यापक आहे, म्हणून त्याला संरक्षण. अनुभवाचा मालक आपले मूल आहे, म्हणून ते मोकळे रान.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरताना पालकांची पडताळलेली संमती घेण्याचे कलम आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत ठेवली आहे. त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नसेल आणि ठरलेली मानके पाळली असतील, तर कायद्याच्या तरतुदी लागू होत नाहीत. म्हणजे मोबाइल अॅपवाल्याला आई-बापाला विचारावे लागेल आणि ‘मी संशोधन करतो आहे’ म्हणणाऱ्याला वाट मोकळी. ज्या दाराला कुलूप लावायला हवे, तेच उघडे ठेवले आहे.

आपल्या हातात काय आहे? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई. वर्गात जातीवरून मुले वेगळी उभी करणे हा मानसिक छळ आहे की नाही, हा मुद्दा आपण प्रत्येक ठिकाणी लावून धरला पाहिजे. त्याच कायद्याचे कलम २१ म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा असायला हवी. ही समिती आपण पोषण आहाराच्या तांदळापुरती ठेवली आहे. शाळेत कोण कोणते संशोधन करतो, हा तिच्यासमोरचा विषय का नसावा?

आता आपल्याच बाजूने येणारा सर्वांत खरा आक्षेप. एक अभ्यासू मित्र म्हणतो, तुम्ही परवानगीचे नियम कडक केले, तर मरण आपलेच आहे. ज्या शाळेत दलित मुलांना संडास साफ करायला लावतात, माध्यान्ह भोजनाला वेगळे बसवतात, तो मुख्याध्यापक संशोधकाला परवानगी देईल का? नीती समितीत बसलेले सवर्ण प्राध्यापक म्हणतील, विषय ‘संवेदनशील’ आहे, बदला. संरक्षणाच्या नावाखाली जातीवरचे संशोधनच गाडले जाईल.

हा आक्षेप खोटा नाही. असे होऊ शकते. म्हणूनच संरक्षण कोणाचे, हे आधी ठरवले पाहिजे. संस्थेला खासगीपणाचा अधिकार नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेला ‘आमच्यात काय चालते ते पाहू नका’ असे म्हणता येणार नाही. अधिकार मुलाचा आहे. त्यामुळे मुख्याध्यापकाची सही मुलाच्या संमतीऐवजी चालणार नाही, आणि मुख्याध्यापकाचा नकारही मुलाच्या आणि पालकाच्या इच्छेच्या आड येणार नाही. संशोधकाने वस्तीत यावे, घरी यावे, पालकांशी बोलावे, मुलाला हवे तर शाळेबाहेर त्याच्याशी बोलावे. मुलाचे नाव झाकावे, अन्याय उघडा करावा. आज नेमके उलटे होते. मूल उघडे पडते आणि शाळा ‘क्ष विद्यालय’ म्हणून झाकली जाते.

दुसरा आक्षेप असा की आकडे नसतील, तर आरक्षण कशाच्या आधारावर टिकवणार? आकडे आपल्याला हवेतच. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनसमोर बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती मांडली, ती सरकारच्याच अहवालांच्या आणि आकडेवारीच्या आधारावर. सरकारने काय केले नाही, हे त्यांनी सरकारच्या कागदांतून सिद्ध केले. आकडे राज्यकर्त्यांवर रोखलेले होते, मुलांवर नाही. पुढे सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या स्टार्ट समितीवर ते सदस्य होते. त्या चौकशीच्या कामातच १९२९ मध्ये ते चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला घेऊन जायला टांगेवाले तयार नव्हते. टांगा मिळाला पण हाकणारा सराईत नव्हता. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनीच हे लिहून ठेवले आहे. ज्यांची चौकशी करायची त्यांच्या दारात जाणे आणि त्या जाण्याची किंमत स्वतः मोजणे, हे आपल्या परंपरेतले संशोधन आहे. रिकाम्या वर्गात पंधरा मुले बसवून तासाभरात कागद गोळा करणे, हे नव्हे.

आणि जगात आपल्यासारख्यांनी हे करून दाखवले आहे. दक्षिण आफ्रिकेतील सॅन आदिवासींवर पिढ्यान् पिढ्या संशोधन झाले. शेवटी २०१७ मध्ये त्यांच्या परिषदेने स्वतःची संशोधन आचारसंहिता जाहीर केली. आमच्याकडे यायचे, तर आमच्या पद्धतीने परवानगी घ्या, खरे सांगा, आणि काय निघाले ते परत येऊन सांगा. कॅनडातील मूलनिवासींनी १९९८ पासून आमच्याबद्दलच्या माहितीवर मालकी, नियंत्रण, पाहण्याचा अधिकार आणि ताबा आमचा, ही चार तत्त्वे लावून धरली आहेत. अमेरिकेत हवासुपाई जमातीने रक्ताचे नमुने मधुमेहासाठी म्हणून दिले. ते दुसऱ्याच अभ्यासांसाठी वापरले गेले. जमात कोर्टात गेली आणि २०१० मध्ये विद्यापीठाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली, नमुने परत करावे लागले. एका लहानशा जमातीने एवढ्या मोठ्या विद्यापीठाला वाकवले. आपण तर कोट्यवधी आहोत.

म्हणून मागण्या.

१. प्रत्येक विद्यापीठात शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजकार्य यांच्यासाठी नीती समिती असावी. माहिती गोळा करण्याआधी प्रस्ताव तिच्यासमोर जावा. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य, स्त्रिया आणि विद्यापीठाबाहेरचा किमान एक पालक असावा. समितीने प्रस्ताव नाकारला, तर लेखी कारण द्यावे, म्हणजे ‘संवेदनशील विषय’ म्हणून कोणाला जातीचे संशोधन दाबता येणार नाही.

२. मुख्याध्यापक, अधीक्षक, गृहपाल यांची सही म्हणजे फक्त आवारात येण्याची परवानगी. ती संमती नव्हे. संमती पालकाची, त्याच्या बोलीत वाचून दाखवून. आणि मुलाचा स्वतःचा होकार वेगळा. मुलाने मधेच ‘नको’ म्हटले, तर कागद तिथेच थांबावा आणि त्याबद्दल त्याला कोणी एक शब्द बोलू नये.

३. वर्गात जात किंवा शिष्यवृत्ती पुकारून मुले वेगळी काढायला पूर्ण बंदी. शाळेच्या रजिस्टरमधली जातीची नोंद संशोधकाला परस्पर देऊ नये.

४. पालकाच्या हातात एक कागद राहिला पाहिजे. त्यावर संशोधकाचे नाव, विद्यापीठ, अभ्यास कशाचा आहे आणि तक्रार कुठे करायची, हे मराठीत लिहिलेले असावे.

५. प्रबंध झाल्यावर निष्कर्ष वस्तीत येऊन मराठीत सांगावेत. ते सांगितल्याचा दाखला जोडल्याशिवाय पदवी देऊ नये.

या मागण्यांसाठी सरकारची वाट पाहत बसायची गरज नाही. पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक ठराव मांडता येतो की समितीला कळवल्याशिवाय आणि पालकांच्या संमतीशिवाय शाळेत कोणतेही संशोधन होणार नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी गृहपालाला विचारता येते, आमच्या वतीने कशावर सही केली? समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो की गेल्या पाच वर्षांत तुमच्या वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत कोणकोणत्या संशोधनांना परवानगी दिली, आणि पालकांची संमतीपत्रे कुठे आहेत? प्रत्येक जिल्ह्यातून असा एक अर्ज गेला, तर काय उत्तर येते ते एकत्र बसून पाहू.

आपल्यापैकी जे एम.ए., एम.एड., पीएच.डी. करत आहेत, त्यांच्यावर जबाबदारी जास्त आहे. तुम्ही आपले आहात म्हणून मुले तुमच्याशी मोकळे बोलतील. म्हणूनच तुम्ही विचारले पाहिजे, तेही दोनदा. गाईड म्हणाले की वेळ नाही, मुख्याध्यापकांची सही पुरे आहे, तर आपल्या प्रबंधात एक पान जास्त लिहा : संमती कशी घेतली, कोणी नाही म्हटले, त्यांना कसे वगळले. हे पान वाचून परीक्षक हसले तर हसू द्या. आपल्या संस्थांनीही हे पाळावे. देणगीदाराला दाखवण्यासाठी फाटक्या कपड्यातल्या मुलाचा फोटो, खाली नाव, गाव आणि जात, हे आपल्या अहवालांतूनही गेले पाहिजे. मनुवादी करतो तेव्हा शोषण आणि आपण करतो तेव्हा जनजागृती, असा हिशेब तथागतांच्या धम्मात बसत नाही. स्वतः पारखून पाहा, हे भगवंताने कालामांना सांगितले. पारखायचा हा अधिकार सातवीतल्या मुलालाही आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला शाळेच्या आत आणले. आत आलेल्या मुलाला कोणी उभे करून जात विचारत असेल, तर दारात अडवणारी जात आता प्रश्नावली घेऊन वर्गात आली, एवढाच बदल झाला. तिला वर्गातच थांबवायचे आहे. पुढच्या महिन्यात आपापल्या शाळेत ठराव मांडा आणि झालेल्या ठरावाची प्रत एकमेकांना पाठवा.

जयभीम! नमो बुद्धाय!